सोळा एमएमचं टेबल: फिल्मवर माहितीपटाचं संकलन कसं चालायचं

(पडद्यावर: पांढरे सुती मोजे घातलेले हात. बोटांत फिल्मची पट्टी, पट्टीमागे दिवा.)

सोळा एमएम रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम असतात. सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने एका मिनिटाला ३६ फूट फिल्म लागते. ४०० फुटांचं रीळ कॅमेऱ्यातून पूर्ण गेलं, की हाती येतात अकरा मिनिटं आणि वर सहा-सात सेकंद. पस्तीस एमएमवर फुटाला १६ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्याला हे आकडे तोंडपाठ असायचे, कारण तिथे वेळ फुटांत मोजली जायची.

वीस मिनिटांचा माहितीपट घेऊ. तयार फिल्म ७२० फूट. दहा मिनिटं चित्रित करून त्यातलं एक मिनिट ठेवायचं, असं प्रमाण धरलं तर ७,२०० फूट, म्हणजे १८ रिळं, २०० मिनिटं, २ लाख ८८ हजार फ्रेम. यातली कोणतीही फ्रेम मागितली तर दोन मिनिटांत हातात आली पाहिजे. फिल्मवर काम करणाऱ्या संकलकाचा बहुतेक दिवस याच व्यवस्थेत जायचा: नोंदी, जुळवणी, शोधाशोध. प्रत्यक्ष काप एका सेकंदाचा. संकलनावर माहितीपट करायला निघालेले विद्यार्थी बहुधा त्या एका सेकंदाचं चित्रण करतात आणि उरलेला दिवस त्यांच्या हातून निसटतो. या निवेदनात आपण तो उरलेला दिवस पाहणार आहोत.

(पडद्यावर: दादासाहेब फाळके यांचं छायाचित्र.)

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात घरात झाली. १९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन आले. कच्च्या फिल्मला तेव्हा छिद्रं नसत, ती अंधारात पाडावी लागत. छिद्रं पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके शिकल्या. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्यातली बरीचशी फिल्म त्यांच्या हाताखालून गेलेली होती. पुढे फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपटही केला. त्याचा शिल्लक राहिलेला तुकडा संकलनाचा अभ्यास करणाऱ्याने जरूर पाहावा.

(पडद्यावर: स्टीनबेक. सहा आडव्या थाळ्या, मध्ये छोटा पडदा.)

आता यंत्राकडे. आधीच्या पिढीकडे मुव्हिओला होतं. हे उभं यंत्र इवान सेरुरिए यांनी १९२४ मध्ये बाजारात आणलं. शिवणयंत्रासारखा खडखडाट करत ते फिल्मला एकेक फ्रेम थांबवत, खेचत पुढे नेतं. खेचताना जोड सुटायचे, छिद्रं फाटायची. हॅम्बुर्गहून आलेलं स्टीनबेक वेगळ्या रीतीने चालतं. त्यात फिल्म आडव्या थाळ्यांवर असते आणि न थांबता सरकते. चित्र स्थिर ठेवण्याचं काम फिरतं काचेचं प्रिझम करतं. त्यामुळे फिल्मला झटका बसत नाही आणि दिवसभर पुढे-मागे केली तरी ती टिकते. सहा थाळ्यांच्या यंत्रावर तीन पट्ट्या एकत्र धावतात: एक चित्राची, दोन आवाजाच्या. आवाजाची पट्टीही सोळा एमएमचीच, छिद्रांसकट, फक्त तिच्यावर चुंबकीय लेप असतो. तिला मॅग म्हणतात.

आवाज मॅगवर येतो कुठून? चित्रीकरणाच्या जागी तो पाव इंची टेपवर घेतला जायचा, बहुधा नाग्रा रेकॉर्डरवर. पाव इंची टेपला छिद्रं नसतात. ती ताणली जाते, किंचित सरकते, दहा मिनिटांत चित्रापासून अर्धा सेकंद दूर जाऊ शकते. म्हणून रेकॉर्डरवर आवाजाच्या जोडीला कॅमेऱ्याच्या वेगाची विद्युत खूण उतरवली जायची. मॅगवर आवाज उतरवणारं यंत्र ती खूण वाचून टेपचा वेग सावरायचं. ही खूण उतरली नसेल, तर प्रत्येक मुलाखत हाताने, तुकड्या-तुकड्याने जुळवत बसावं लागायचं.

निगेटिव्ह लॅबमध्ये धुतली जायची आणि तिथेच राहायची. संकलकाकडे यायची ती वर्क प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली कामाची प्रत. खर्च वाचवायचा तर रंगीत निगेटिव्हचीसुद्धा काळी-पांढरी वर्क प्रिंट काढत. तिच्यावर ओरखडे पडले, ती फाटली, तिच्यावर पेन्सिलने लिहिलं, तरी चालायचं. या मोकळिकीला एक अट होती. निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातच छापलेले आकडे असतात आणि ते प्रिंटवरही उमटतात. शेवटी निगेटिव्ह कापली जायची ती या आकड्यांच्या आधारे. काळोख्या दृश्यात आकडा दिसत नाही, अशी तक्रार करत बसण्यापेक्षा रशेस, म्हणजे लॅबमधून आलेल्या या पहिल्या प्रिंट, हाती आल्या दिवशीच भिंगाखाली तपासून कुठला आकडा वाचता येत नाही ते लिहून ठेवायचं.

(पडद्यावर: क्लॅप मिटते. तीच फ्रेम फिल्मवर, शेजारी मॅगची पट्टी.)

पहिलं मोठं काम सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं. चित्रात क्लॅपच्या दोन फळ्या पहिल्यांदा पूर्ण मिटलेल्या दिसतात ती फ्रेम शोधायची. फळी अजून धूसर असेल तर ती आधीची फ्रेम, ती नाही. सापडलेल्या फ्रेमवर ग्रीस पेन्सिलने फुली. मग मॅग हाताने, आवाज वाचणाऱ्या हेडवरून सरकवायची. 'टक' हा आवाज हळू सरकवला की 'घर्र' असा ऐकू येतो, आणि तो जिथे सुरू होतो तिथे दुसरी फुली. शेजारी शॉट आणि टेक क्रमांक. दोन्ही पट्ट्या सिंक्रोनायझरच्या दातेरी चाकांत बसवून कुलूप लावायचं. चाकं एकाच दांड्यावर असल्यामुळे आता दोन्ही पट्ट्या फ्रेमला फ्रेम सरकतात. पुढच्या क्लॅपपर्यंत जायचं आणि जी पट्टी लांब असेल तिचा मधला भाग काढायचा. काढायचा तो दोन शॉटमधला रिकामा भाग, शॉटच्या आतला नव्हे.

माहितीपटात क्लॅप सगळीकडे नसते. घटना सुरू झालेली असते, कॅमेरा धावत पोचतो. अशा वेळी शॉटच्या शेवटी उलटी क्लॅप देतात, किंवा कुणी हाताने टाळी वाजवतं. तेही नसेल तर ओठ मिटून उच्चारायची व्यंजनं शोधायची: प, ब, म. 'पाऊस' म्हणताना ओठ सुटतात ती फ्रेम चित्रात स्पष्ट दिसते आणि मॅगवर 'प'चा फुत्कार स्पष्ट ऐकू येतो. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. एका फ्रेमची चूक बहुतेकांना कळत नाही. दोन फ्रेमची चूक जवळच्या चेहऱ्यावर दिसते. आवाज चित्राच्या आधी आला तर ती फार लवकर खटकते, कारण प्रत्यक्षात लांबून येणारा आवाज उशिरा येतो, लवकर कधीच येत नाही.

सिंक झाली की चित्र आणि मॅग दोन्हींच्या कडेला एकच क्रमांक शाईने छापून घ्यायचा. हा खर्च टाळणं महागात पडतं. कापल्यावर क्लॅप एकीकडे जाते आणि वाक्य दुसरीकडे. मग सतरा फ्रेमच्या तुकड्याचा आवाज कुठला, हे सांगणारा तो छापलेला क्रमांकच असतो. छापायची सोय नसेल तिथे संकलकाचा सहायक दर फुटाला हाताने आकडे घालत बसायचा.

मग नोंदवही. रीळ क्रमांक, शॉट, टेक, कडेचे आकडे कुठून कुठपर्यंत, चित्रात काय आहे, आवाजात काय आहे. 'बाई बोलतात' अशी नोंद निरुपयोगी. 'बाई दुष्काळाबद्दल, मध्येच खिडकीकडे पाहतात, ४ सेकंद गप्प, मागे एसटीचा हॉर्न' अशी नोंद महिन्यानंतरही उपयोगी पडते. त्या चार सेकंदांच्या शांततेवरच कधी कधी सगळा प्रसंग उभा राहतो आणि नोंदवहीत ती नसेल तर कुणाला आठवतही नाही.

(पडद्यावर: बिनमध्ये लटकणाऱ्या पट्ट्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आकडे.)

बिन म्हणजे आतून सुती कापड लावलेली मोठी पेटी, वर दांडा, दांड्याला टाचण्या. कापलेला प्रत्येक तुकडा छिद्रातून टाचणीला लटकतो आणि खाली कापडात विसावतो. तीन फ्रेमची ट्रिम, म्हणजे कापून उरलेला तुकडासुद्धा टाकायचा नाही. तो कार्डावर चिकटवून क्रमांक लिहायचा. उद्या तीन फ्रेम परत हव्या झाल्या आणि मिळाल्या नाहीत, तर लॅबकडून तेवढ्यासाठी पूर्ण शॉटची रीप्रिंट मागवावी लागते आणि काम चार दिवस अडतं.

आता काप. गिलोटिन स्प्लायसरमध्ये छिद्रं खिळ्यांत बसवायची, फ्रेमच्या रेषेवर पातं खाली आणायचं, दुसरा तुकडा समोर ठेवायचा, पारदर्शक चिकटपट्टी ओढायची, दांडा दाबायचा. चित्राला चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी. मॅगला फक्त मागच्या बाजूने, कारण लेपाच्या बाजूला लावली तर तेवढ्या भागात आवाज दबतो. मॅगचा काप तिरका घेतात. सरळ कापला तर हेडवरून जाताना आवाज एकदम बदलतो आणि 'टप्' ऐकू येतं. पात्यात चुंबकत्व साठलं असेल तर तिरक्या कापावरही तेच होतं, म्हणून पातं अधूनमधून डीमॅग्नेटाइज करायचं. उन्हाळ्यात चिकटपट्टीचा गोंद कडेने बाहेर येतो, शेजारचा थर त्याला चिकटतो आणि रीळ उलगडताना फिल्म खेचली जाते. जोडावर टाल्कम पावडरचं बोट फिरवलं की हे टळतं. पावडर अगदी थोडी हवी, जास्त झाली तर ती हेडवर बसते.

(पडद्यावर: कुंभार चाकावरचं मडकं दोऱ्याने कापून उचलतो. आधी लांबून, मग हात जवळून.)

हे दोन शॉट जोडायचे आहेत. लांबच्या शॉटमध्ये हात दोऱ्याकडे जातो, दोरा ओढला जातो, मडकं उचललं जातं. जवळच्या शॉटमध्ये हीच क्रिया पुन्हा आहे. हात थांबलेला असताना कापलं तर जोड नजरेत भरतो. पाहणाऱ्याच्या डोळ्याला तेव्हा दुसरं काही काम नसतं. म्हणून हालचाल सुरू झाल्यावर, मडकं चाकापासून सुटलं की तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला कापायचं. त्या फ्रेममध्ये हात धूसर असतो. जवळचा शॉट नेमक्या त्याच क्षणापासून घेतला तर उडी मारल्यासारखं वाटतं, कारण मोठं चित्र समोर आल्यावर डोळ्याला ते ओळखायला क्षणभर लागतो आणि तेवढी क्रिया हुकते. अनेक संकलक जवळच्या शॉटमध्ये क्रियेच्या दोन-तीन फ्रेम पुन्हा ठेवतात. टेबलावर मोजली तर ती पुनरुक्ती आहे. पडद्यावर हालचाल अखंड दिसते.

मुलाखतीला हा नियम लागू नाही. तिथे आधी आवाज कापायचा, चित्र नंतर. वीस मिनिटांच्या बोलण्यातून दोन मिनिटं काढायची, ती डोळे मिटून ऐकण्यासारखी झाली पाहिजेत. मराठी बोलणं कापताना एक अडचण हमखास येते. क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं आणि बोलणारा तिथे न थांबता पुढचं वाक्य त्याला चिकटवतो: 'आम्ही तिथून निघालो पण'. 'निघालो' आणि 'पण' यांच्यात फटच नसते. 'पण' कापला की 'निघालो' हवेत लोंबकळतो, कारण आवाज उतरलेला नसतो. यावर दोनच उपाय आहेत. तोच शब्द उतरत्या स्वरात दुसऱ्या टेकमध्ये आहे का, ते नोंदवहीत पाहायचं. नाहीतर वाक्य अलीकडच्या थांब्यावर संपवायचं. वाक्याआधीचा श्वास मात्र काढू नये. श्वास काढलेलं बोलणं ऐकताना ऐकणाऱ्यालाच दम लागतो.

आवाज असा कापला की चित्रात चेहऱ्याच्या उड्या दिसतात. त्या झाकायला हात, घर, रस्ता, फोटो अशी दृश्यं लागतात. चित्रीकरणाच्या वेळी ती घेतली नसतील तर टेबलावर काहीही करून ती निर्माण होत नाहीत. सगळीकडे मात्र झाकू नये. माणूस शब्द शोधत असेल तिथे चेहराच ठेवावा, माहितीपटाचा जीव तिथे असतो.

यंत्रावर सर्वाधिक होणारी चूक साधी आहे. चित्रात २२ फ्रेमचा शॉट घातला आणि आवाजात २२ फ्रेम घालायच्या राहिल्या. तिथून रिळाच्या शेवटापर्यंत सगळं बोलणं सरकलं. म्हणून एका पट्टीत जे काढलं किंवा घातलं, तेवढंच दुसरीत. आवाज नको असेल तिथे कोरी पट्टी, म्हणजे स्पेसिंग. स्पेसिंगसाठी जुनी टाकाऊ प्रिंट वापरतात. ती घालताना इमल्शनची, म्हणजे चित्राच्या लेपाची, बाजू हेडपासून दूर ठेवायची, नाहीतर घासून निघालेलं इमल्शन हेडवर जमतं आणि पुढचा आवाज बोदा येतो.

फाइन कट, म्हणजे शेवटचं संकलन, पक्का झाला की आवाजाच्या पट्ट्या वाढतात. बोलणं, निवेदन, संगीत आणि परिसराचे आवाज यांची वेगवेगळी रिळं होतात. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला लीडर, म्हणजे आधी जोडलेली पट्टी, त्यावर सुरुवातीची खूण, आणि पहिल्या फ्रेमच्या बरोबर ४८ फ्रेम आधी एका फ्रेमचा 'पिप', म्हणजे छोटा आवाज. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करताना, सगळ्या रिळांचा पिप एकदम वाजला तर सिंक बरोबर. दोनदा वाजला तर कुठलं तरी रीळ चुकलं आहे, आणि ते थांबवायची जागा तीच आहे. निवेदन लिहिताना फुटांचा कागद शेजारी हवा. १८ फुटांच्या शॉटला तीस सेकंद आहेत. मजकूर मोठ्याने वाचायचा, घड्याळ लावायचं, आणि तो पंचवीस सेकंदांत बसत नसेल तर छाटायचा. उरलेले पाच सेकंद चित्राचे.

(पडद्यावर: निगेटिव्ह कापणाऱ्याचं टेबल. धूळ नाही, पंखा बंद.)

निगेटिव्ह कापणाऱ्याला संकलकाची नवी कल्पना चालत नाही. तो वर्क प्रिंटच्या कडेचे आकडे वाचतो आणि त्याप्रमाणे कापतो. इथला जोड सिमेंटचा असतो: एका टोकाचं इमल्शन खरवडायचं, द्रावण लावायचं, दोन्ही टोकं एकमेकांवर दाबायची. फिल्मचा पाया असलेलं ॲसिटेट विरघळून एक होतं. या जोडाला फिल्मचा काठ एकमेकांवर चढवावा लागतो आणि सोळा एमएमच्या दोन फ्रेमच्या मधल्या रेषेत तेवढी जागा नसते, जोड पडद्यावर दिसतो. यावरचा तोडगा म्हणजे ए-बी रोल. पहिला शॉट ए रोलवर, तेवढ्याच लांबीची काळी पट्टी बी रोलवर. दुसरा शॉट बी रोलवर, काळी पट्टी ए रोलवर. चढलेला काठ काळ्या पट्टीवर येतो आणि छापताना दिसत नाही. डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत दुसरं उमटणं, तोही यातूनच मिळतो: ४८ फ्रेमचा डिझॉल्व्ह हवा असेल तर दोन्ही शॉट ४८ फ्रेम एकमेकांवर ठेवायचे. म्हणजे कापाच्या जागेपलीकडे प्रत्येक शॉटच्या २४ फ्रेम शिल्लक हव्यात. वर्क प्रिंटवर तिरकी रेघ ओढणं सोपं असतं. त्या २४ फ्रेममध्ये कॅमेरा हललेला आहे का, क्लॅप आलेली आहे का, हे आधी पाहायला हवं. आणि निगेटिव्ह एकच असते. वर्क प्रिंटमध्ये एकच शॉट दोनदा वापरला असेल तर ड्युप निगेटिव्ह, म्हणजे निगेटिव्हची नक्कल, काढण्यावाचून इलाज नाही.

छापलेल्या प्रिंटवर आवाज चित्राच्या शेजारी नसतो. सोळा एमएमवर तो २६ फ्रेम पुढे असतो, पस्तीसवर २१. चित्राला दिव्यासमोर क्षणभर थांबावं लागतं, आवाजाला एकसारखं सरकावं लागतं, म्हणून प्रोजेक्टरमध्ये दोघांच्या जागा वेगळ्या. यामुळेच पूर्ण तयार प्रिंट कापून दुरुस्त करायला जाऊ नये. कापाच्या जागी चित्र एका प्रसंगातलं आणि आवाज सेकंदभर दुसऱ्या प्रसंगातला, अशी फजिती होते.

(पडद्यावर: पुणे, लॉ कॉलेज रस्ता.)

या विषयावर काम करायचं तर पुण्याला पर्याय नाही. कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभातच्या आवारात १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू झाली, आजची एफटीआयआय. संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवणाऱ्या रेणू सलुजा इथल्याच विद्यार्थिनी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून याच शहरात आहे. जानेवारी २००३ मधल्या आगीत त्याच्याकडचा, पटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. सोळा एमएम १९२३ मध्ये आली तीच सहजासहजी न पेटणाऱ्या ॲसिटेटवर, त्यामुळे माहितीपटांच्या डब्यांना त्या प्रकारच्या आगीची भीती कमी. त्यांचा शत्रू वेगळा. उष्ण, दमट हवेत ॲसिटेट कुजू लागतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. हे आम्ल कुजण्याचा वेग आणखी वाढवतं आणि बंद डब्यात अडकलं तर शेजारच्या रिळांनाही बाधतं.

तेव्हा कुणी जुना डबा हातात दिला तर आधी वास घ्या. व्हिनेगरचा वास असेल तर यंत्रावर चढवू नका. वास नसेल तरी रिवाइंडरवर हाताने, सावकाश उलगडा. मोजे घातलेली बोटं दोन्ही कडांवरून जाऊ द्या, फाटलेलं छिद्र बोटाला लागतं. मग शंभर छिद्रांची लांबी नव्या फिल्मच्या शंभर छिद्रांशी ताडून पाहा. एक टक्का किंवा अधिक आखडलेली फिल्म दातेरी चाकांवर नीट बसत नाही, ती चालवली तर फाटू शकते.

चित्रीकरणाचंही सांगायला हवं. खोलीत ट्यूबलाइट असेल तर शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. स्टीनबेकच्या पडद्यावर मात्र सेकंदाला २४ फ्रेम येतात आणि तुमचा कॅमेरा २५ वर असेल तर उजेड लहरतो. पडद्याच्या शॉटपुरता कॅमेरा २४ वर आणा, अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या आणि ती मोठ्या पडद्यावर पाहून मगच पुढे जा. यंत्राचा आवाज मुलाखतीच्या वेळी बंद ठेवा. तो नंतर वेगळा घ्या: मोटरची गुणगुण एक मिनिट, स्प्लायसरचा दांडा, मागे जाणाऱ्या मॅगवरचं उलटं बोलणं, प्रत्येक वेगात एकदा. संकलकांशी बोलताना 'तुमची आवडती फिल्म कोणती' असं विचारू नका. त्यांच्या हातात फिल्मची पट्टी द्या, एक ट्रिम शोधायला सांगा, आणि कॅमेरा चालू ठेवा.